चौदा इंचांची खुर्ची

मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात किती खुर्च्या केल्या याची गणती त्यांना स्वतःलाही नव्हती. पण खुर्चीनंच त्यांना धरून ठेवावं, असं अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा घडत होतं.

वृद्धनिवासातला तो त्यांचा पहिला दिवस. दोन महिन्यांपूर्वी घरी बल्ब बदलताना ते स्टुलावरून पडले, डावं मनगट मोडलं, आणि प्लास्टर निघायच्या आत लेकीनं इथली जागा पक्की करून टाकली. सकाळी तिनं त्यांना आणून सोडलं, कपाटात कपडे लावले, डोळे पुसले आणि ती गेली. मग इथं कामाला असलेल्या मावशींनी त्यांना मोठ्या हॉलमध्ये नेऊन मरून रंगाच्या एका गुबगुबीत खुर्चीत बसवलं. बसवलं कसलं, विहिरीत बादली सोडावी तसे मिस्त्री आत गेले. गुडघे नाकाशी आले. पाचच मिनिटांत पाणी प्यायला उठावंसं वाटलं म्हणून त्यांनी हातांवर जोर दिला, तर खुर्चीचे हात कापसाचे, ते दबले. पुढं झुकले, तर गादीनं मागं ओढलं. तिसऱ्या खेपेला मोडलेल्या मनगटातून अशी कळ आली की ते धपकन परत बसले.

"मावशी!" त्यांनी हाक मारली.

"आले हं आजोबा, जरा दम धरा."

मिस्त्रींनी दम धरला. वीस मिनिटं धरला. हॉलमध्ये भिंतीला लागून ओळीनं चोवीस खुर्च्या, सगळ्या तशाच, आणि प्रत्येकीत एकेक माणूस बुडालेला. कुणी "मावशी" म्हणायचं, मावशी "आले" म्हणायच्या, आणि पुढं काहीच घडायचं नाही. घडणार कसं? मावशी होत्या दोन.

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग काढायचा कुणावर? काल-परवापर्यंत स्टुलावर चढणारा माणूस आज खुर्चीतून उठू शकत नाही, म्हणजे संपलंच की सगळं. त्यांना स्वतःच्याच पायांचा संताप आला. त्यांनी मांडीवर जोरात मूठ आपटली.

"पायांना कशाला मारता? त्यांना काय कळतंय?" शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

वाळक्या शेंगेसारखे एक गृहस्थ तिथं बुडाले होते. निवृत्त पोस्टमन. इथं सगळे त्यांना पोस्टमनच म्हणत. "चौतीस वर्षं घरोघर पत्रं पोचवली बघा," ते म्हणाले. "आता मीच पत्र झालोय. कुणी उचलून नेलं की पोचतो."

मिस्त्रींना हसू आलं नाही.

दुपारी जेवणाच्या खोलीत साध्या लाकडी खुर्च्या होत्या. जेवण झालं, मिस्त्री हात धुवायला गेले, आणि बेसिनपाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण उठलो. कुणाला हाक न मारता. ते परत गेले, बसले, उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. असं पाच वेळा केलं. समोरच्या एक आजी चमचा तोंडाशी धरून बघतच राहिल्या.

बायको गेली, दात गेले, पण मिस्त्रींच्या खिशातली मोजपट्टी गेली नव्हती. ती त्यांनी काढली. जेवणाची खुर्ची जमिनीपासून बैठकीपर्यंत अठरा इंच. तसेच तरातरा हॉलमध्ये गेले आणि मरून खुर्चीला पट्टी लावली. चौदा. मग पोस्टमनांना म्हणाले, "हलू नका," आणि ते बसलेले असताना गादी किती दबते ते मोजलं. अकरा.

"अकरा इंच!" मिस्त्री ओरडले. "अहो, याच्यातून विशीतला पैलवानही कण्हत उठेल. कुठल्या गाढवानं केल्यात या?"

आता त्यांना राग काढायला जागा सापडली होती.

त्यांच्या रागात खरं तेल ओतलं ते हेडबाईंनी. हेडबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय ब्याऐंशी. ताठ मान, चापून बसवलेले पांढरे केस. खिडकीजवळच्या खुर्चीत त्या सकाळी नवाला बसत आणि दुपारी एकला मावशी त्यांना उठवत. मधल्या वेळात चहा आला की त्या कप मिस्त्रींकडे सरकवत. चार दिवस मिस्त्रींनी तो मुकाट प्यायला. पाचव्या दिवशी विचारलं, "बाई, तुम्हाला चहा आवडत नाही का?"

"फार आवडतो."

"मग?"

बाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चहा घेतला की जावं लागतं. जायचं तर दोन मावशी लागतात. दोघी एकदम मोकळ्या होईपर्यंत..." त्या थांबल्या. "गेल्या महिन्यात दोनदा तसं झालं. सगळ्यांसमोर. तेव्हापासून मला लहान मुलांसारखं लंगोट बांधून बसवतात. म्हणतात, पाय कमजोर झालेत. मिस्त्री, मी प्रार्थनेला गेले की आठशे मुली उभ्या राहायच्या."

मिस्त्रींनी हातातला कप खाली ठेवला. बाईंचे पाय त्यांनी नीट पाहिले. सुजलेले नव्हते, वाकडे नव्हते. माणूस तहानेनं सुकत होता, खुर्ची चार इंच बुटकी म्हणून.

बुधवारी 'मनाची उभारी' नावाचा कार्यक्रम असायचा. बाहेरून एक सर यायचे, झुळझुळीत सदरा, गळ्यात माइक. म्हातारे त्यांना उभारी सर म्हणत. सरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, प्लास्टिकचा रंगीत चेंडू एकेकाच्या मांडीवर टाकला आणि झेलला की "वाऽऽ, शाबास!" केलं. हेडबाईंकडं चेंडू आला. त्यांनी तो झेलला नाही. चेंडू घरंगळत गेला.

"वय हा फक्त आकडा आहे!" सर म्हणाले. "संकटं येतात. शरीर साथ देत नाही. पण आपण मनानं उभं राहायचं! सगळ्यांनी म्हणा, मी मनानं उभा आहे!"

"मनानं कशाला?" मिस्त्री खुर्चीतूनच गरजले. "मी गुडघ्यानं उभा राहतो. तुम्ही फक्त ही खुर्ची बदला."

दोन-चार जण खुसखुसले. सर हसतमुख. "काका, तुमच्या आत खूप राग साचलाय. राग सोडून द्या. आहे ते स्वीकारायला शिका."

"तुम्ही या इथं. बसा माझ्या जागी. हात न लावता उठून दाखवा, मी लगेच स्वीकारतो."

सर बसले नाहीत. त्यांनी गाणं लावलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री मॅनेजर मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम पंचेचाळिशीच्या, डोळ्यांखाली काळं, एक फोन कानाला आणि दुसरा टेबलावर वाजतोय. मिस्त्रींनी फोन संपेपर्यंत वाट पाहिली आणि शक्य तितक्या सभ्यपणे सगळं सांगितलं. अकरा इंच, अठरा इंच, हेडबाईंचा चहा.

"काका, त्या खुर्च्या एका देणगीदारांनी दिल्यात. किती छान दिसतात हॉलमध्ये. तुम्हाला उठायला त्रास होतो हे समजतंय मला, पण वयाप्रमाणे होणारच ना? नाचता येईना अंगण वाकडं, असं करून कसं चालेल?"

"मी सुतार आहे, मॅडम. अंगण वाकडं आहे की सरळ, हे मी मोजून सांगतो. वाकडं आहे."

मॅडमनी दमलेल्या आवाजात खरं ते सांगून टाकलं. "काका, गेल्या वर्षी एक आजी पडल्या. खुबा मोडला. त्यांच्या मुलानं इथं येऊन माझ्या टेबलावरच्या काचेवर हात आपटला, काच फुटली. पोलिसांत जाईन म्हणाला. बसलेला माणूस पडत नाही. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे!" मिस्त्रींचा आवाज चढला. "माहीत असून बसवता! पडू नये म्हणून माणसाला उठूच द्यायचं नाही? मग हातपाय बांधूनच ठेवा की. दोरी स्वस्त पडेल."

त्यांनी टेबलावर थाप मारली. काच नवी होती, फुटली नाही. पण थाप बाहेरपर्यंत ऐकू गेली.

रविवारी लेक भेटायला आली ती चेहरा पाडून. मॅडमनी तिला आधी आपल्या खोलीत बोलावून घेतलं होतं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक कागद होता.

"बाबा, तुम्ही इथं सगळ्यांवर ओरडता म्हणे. इथले डॉक्टर म्हणतात, एक हलकी गोळी सुरू करू. चिडचिड कमी होईल. झोप चांगली लागेल."

ज्या पोरीला मिस्त्रींनी खांद्यावर बसवून लाकडाच्या वखारी दाखवल्या, ती आज त्यांना गप्प करायच्या कागदावर सही करणार होती.

"सही केलीस?"

"अजून नाही."

"कर की. आधी घर काढून घेतलंस, आता रागही काढून घे. माझ्याजवळ दुसरं उरलंय काय?"

"बाबा, पुरे!" लेकीचाही बांध फुटला. हॉलमधल्या सगळ्यांच्या माना वळल्या. "स्टुलावरून पडलात तेव्हा तीन तास जमिनीवर पडून होतात तुम्ही. तीन तास! मी फोन करत होते आणि तुम्ही उचलत नव्हता. दार तोडून आत आले तेव्हा मला वाटलं... तुम्हाला माहीत आहे का मला काय वाटलं? मी चोपन्न वर्षांची आहे, माझी नोकरी आहे, माझी कंबर धरते. किती ठिकाणी पुरी पडू मी? तुम्हाला फक्त तुमचाच राग दिसतो."

खरं होतं ते. पण खरं होतं म्हणून राग काही विझला नाही. मिस्त्रींनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बोट दाखवलं.

"बस तिथं."

"काय?"

"बस म्हणतो ना."

ती रागातच बसली. खाली गेली. गुडघे वर आले, पर्स पोटावर आली.

"आता ऊठ."

तिनं जोर लावला. नाही जमलं. पर्स बाजूला ठेवली, पुढं झाली, हात टेकले, ते दबले. कमरेत चमक आली तशी ती "आई गं" म्हणाली. दुसऱ्या खेपेला ती तिरकी होऊन, खुर्चीची पाठ धरून कशीबशी उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"तू चोपन्नची आहेस," मिस्त्री म्हणाले. "त्या बाई ब्याऐंशीच्या आहेत. सकाळी नऊ ते एक. रोज."

लेकीनं खिडकीजवळच्या हेडबाईंकडं पाहिलं. हातातला कागद तिनं चारदा दुमडला आणि पर्समध्ये टाकला.

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा तिच्या काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक जड बोचकं होतं. करवत, पटाशी, रंधा, गुण्या, स्क्रू, आणि त्यांच्या घरच्या गॅलरीत पडून असलेल्या कठीण लाकडाचे तुकडे. धारदार वस्तू आणायला इथं बंदी होती. दारावर तिला कुणीतरी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाबांच्या उशा आहेत." मिस्त्रींनी बोचकं उघडून रंध्यावरून अंगठा फिरवला आणि फक्त एवढंच म्हणाले, "धार लावून आणायची होतीस."

मागच्या अंगणात कपडे धुवायच्या दगडावर त्यांनी काम सुरू केलं. डावा हात साथ देत नव्हता, मग पोस्टमन लाकूड धरून बसायचे आणि मिस्त्री उजव्या हातानं करवत ओढायचे. एरवी तासाभरात झालं असतं त्याला तीन दिवस लागले. पाच इंचांचे चार ठोकळे, खालून रुंद, वरून खुर्चीचा पाय घट्ट बसेल अशी इंचभर खोल खाच. गादी दबू नये म्हणून तिच्याखाली एक फळी. ठोकळे बसवायला मोठ्या मावशींनी खुर्ची उचलून धरली. मिस्त्रींनी चारी बाजूंनी खुर्ची हलवून पाहिली, स्वतः बसून उठून पाहिलं, मग म्हणाले, "बाई, या."

हेडबाई बसल्या. त्यांचे पाय जमिनीवर सपाट टेकले, गुडघे काटकोनात. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे त्या पुढं सरकल्या, पाय मागं घेतले, झुकल्या. पहिल्यांदा नुसत्याच हलल्या. दुसऱ्यांदा वीतभर उठून परत बसल्या. हॉलमध्ये सगळे श्वास रोखून. तिसऱ्यांदा त्या उभ्या राहिल्या. खुर्चीचा हात धरून, थरथरत, पण पूर्ण उभ्या. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं तशी बाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की टाळ्या जागच्या जागी थांबल्या.

मग त्यांनी काठी घेतली, भिंतीच्या कडेकडेनं चालत संडासापर्यंत गेल्या, आत शिरल्या आणि आतून कडी लावली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. धाकट्या मावशी घाबरून दार ठोठावायला लागल्या. "आजी! आजी, काय झालं?"

आतून आठशे मुलींना गप्प करणारा आवाज आला. "आत कुणीतरी आहे!"

पोस्टमन इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दुपारी बाईंनी दोन कप चहा घेतला.

दर रविवारी लेक लाकूड आणत गेली आणि महिन्याभरात अकरा खुर्च्या वर आल्या. मॅडमनी पाहिलं नव्हतं असं नाही, पण मोठ्या मावशी त्यांना म्हणाल्या, "मॅडम, उचलायचं कमी झालं, माझी कंबर सुटलीय बघा," आणि मॅडमनी त्या वेळी तिकडं कानाडोळा केला. पोस्टमन तर सुटलेच. सकाळ-संध्याकाळ व्हरांड्यात फेऱ्या मारायचे आणि प्रत्येक दारावर टकटक करून ओरडायचे, "टपाल!"

आणि मग एका शुक्रवारी पोस्टमन पडले.

व्हरांड्याच्या वळणावर पायपुसण्याची कड वर आली होती. तिच्यात पाय अडकला. कपाळ फुटलं, उजव्या मनगटाचं हाड तडकलं. मिस्त्री धावत पोचले तेव्हा फरशीवर रक्त होतं आणि मॅडम फोनवर गाडी बोलावत होत्या. फोन ठेवून त्या मिस्त्रींकडं वळल्या.

"झालं समाधान? बसलेले होते तोवर धड होते ते!"

संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा खुर्च्यांचे ठोकळे काढले गेले. मागच्या अंगणात त्यांचा ढीग पडला. हत्यारांचं बोचकं मॅडमच्या कपाटात कुलपात गेलं. मिस्त्रींनी भांडण केलं नाही. आपल्या खोलीत कॉटवर बसून राहिले. आतला राग आता उलटा फिरून त्यांनाच खात होता. ठोकळे नसते तर पोस्टमन उठले नसते. उठले नसते तर पडले नसते. हे मोजायला कुठलीच पट्टी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन परत आले. कपाळाला पट्टी, हात गळ्यात. मिस्त्री त्यांच्या खोलीत गेले आणि दारातच उभे राहिले.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"काय चुकलं?" पोस्टमन चिडले. एवढ्या दिवसांत मिस्त्रींनी त्यांना पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं. "चौतीस वर्षांत मी किती वेळा पडलो माहीत आहे? कुत्री मागं लागली, सायकल घसरली, गटारात गेलो. पोस्टानं माझे पाय काढून घेतले का? पायपुसणं काढा म्हणावं! आज सकाळी मला परत त्या खड्ड्यात बसवलं. दोनदा हाका मारल्या तेव्हा कुठं खोलीत आणलं. माझ्यावर दया दाखवायला आला असाल तर जा तुमच्या खोलीत."

मिस्त्री गेले नाहीत. ते तिथून थेट हेडबाईंकडं गेले. बाईंच्या समोर चहाचा कप तसाच भरलेला होता, साय धरलेला.

"उद्या रविवार," बाई म्हणाल्या. जणू त्या वाटच बघत होत्या. "अकरा वाजता नातेवाईक येतात. मिस्त्री, उद्या कुणी बसायचं नाही."

सकाळी न्याहारीनंतर मावशी नेहमीप्रमाणे एकेकाला हॉलमध्ये आणू लागल्या. हेडबाई खुर्चीपाशी गेल्या, तिच्याकडं पाठ केली, खिडकीचे गज धरले आणि उभ्याच राहिल्या. पोस्टमन भिंतीला टेकून. मिस्त्री हॉलच्या मधोमध. वॉकरवाले वॉकर धरून. चमचेवाल्या आजी एका टेबलाला दोन्ही हातांनी घट्ट धरून. सगळ्यांना जमलं नाही. पाच जण बसूनच होते आणि त्यांना कुणी काही म्हटलं नाही. पण एकोणीस माणसं उभी होती. कुणाचे पाय लटपटत होते, कुणाच्या ओठांवर घाम. कुणी थकलं की जेवणाच्या खोलीतून आणलेल्या चार लाकडी खुर्च्यांवर आळीपाळीनं टेकत होतं आणि परत उठत होतं.

"हे काय चाललंय?" मॅडम धावत आल्या. "बसा सगळे! कुणी पडलं तर? काका, हे तुमचं काम!"

"माझं आहे," हेडबाई म्हणाल्या. "आवाज खाली ठेवा."

अकराला नातेवाईक आले. दारातच थबकले. "आई, बस ना गं, अशी का उभी?" एक मुलगा म्हणाला.

"नाही बसणार," त्याची आई म्हणाली. तिचा आवाज रडका नव्हता, भांडायला उठलेला होता. "बसले की तुम्ही गेल्यावर मला कुणी उठवत नाही. चार-चार तास! तुला कधी सांगितलं नाही मी. लाज वाटायची. आता नाही वाटत. तुला वाटू दे."

मग एकेकाचं तोंड उघडलं. ओल्या कपड्यांबद्दल, न प्यायलेल्या पाण्याबद्दल, मारून मारून थकलेल्या हाकांबद्दल. काही नातेवाईक मॅडमवर तुटून पडले. तेव्हा मिस्त्रीच ओरडले, "त्यांच्यावर काय ओरडता? पडलेल्या आजींपायी काच फोडणारा तुमच्यातलाच होता. तुम्हाला आईबाप जसेच्या तसे ठेवलेले हवेत, माळ्यावरच्या भांड्यांसारखे. पोचा नको, ओरखडा नको. म्हणून त्यांनी बसवून ठेवलं!"

मॅडम भिंतीला टेकल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं की कशाचं, ते सांगता येत नव्हतं. "दोन बायका देतात मला," त्या कुणाकडंच न बघता म्हणाल्या. "बत्तीस माणसांना दोन. वर कितीदा लिहिलं. तुम्ही लिहा ना एकदा. तुमचं ऐकतील."

लेक मागं दारात उभी होती. ती पुढं आली, पर्समधून तिनं पेन काढलं आणि एक जुना, चारदा दुमडलेला कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "सांगा, काय लिहायचं," ती म्हणाली.

त्या पत्रावर सव्वीस सह्या झाल्या. त्यानं सगळंच बदललं असं नाही. ठोकळे परत आले, पण ज्याला हवेत त्यालाच, आणि नातेवाइकांची सही घेऊन. हेडबाईंनी नातेवाइकांऐवजी स्वतःच सही केली आणि कुणाची त्यांना अडवायची टाप झाली नाही. दोघांना मऊ, खोल खुर्चीच आवडायची, ते तिथंच राहिले. पायपुसणी गेली. तिसऱ्या मावशी आल्या, त्याही फक्त सकाळच्या. गोळीचं नाव परत कुणी काढलं नाही. चमचेवाल्या आजी मात्र धरून उभं केलं तरच उभ्या राहत, ठोकळे येऊनही त्यांना स्वतःहून उठता येईना. त्यांच्या पायांतलं बळ खरंच गेलं होतं, कुणी उठवायची वाट बघण्यात. मिस्त्री त्यांच्याकडं पाहत तेव्हा त्यांच्या कपाळावरची शीर उडायची.

मॅडमनी बोचकं परत दिलं. व्हरांड्याच्या भिंतीला धरून चालायला लाकडी कठडा लावायचा ठरलं तेव्हा त्यांनी विचारलं, "काका, किती उंचीवर?"

"आधी माणसं मोजतो," मिस्त्री म्हणाले. "मोजून झालं की तुमच्या देणगीदारांना फोटो काढायला बोलवा."

एका बाजूचा कठडा पूर्ण व्हायला पाच आठवडे लागले. लेक दर रविवारी यायची. एकदा ती बराच वेळ लाकूड धरून उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "बाबा, घरी येता का? खालची खोली मोकळी करते. माझं चुकलं. तुम्हाला न विचारता ठरवलं मी."

मिस्त्रींचा रंधा थांबला. आत अजून काहीतरी धुमसत होतं आणि ते लेकीसमोर लपवायचं त्यांना कारण वाटत नव्हतं.

"तेव्हा विचारायला हवं होतंस," ते म्हणाले. "अजून राग आहे माझा तुझ्यावर."

"माहीत आहे."

"दुसऱ्या बाजूचा कठडा राहिलाय. तो झाला की बघू." त्यांनी रंधा परत लाकडावर टेकवला. "पुढच्या रविवारी ये. येताना बारीक पॉलिश पेपर आण. मागच्या वेळी आणलास तो भलताच खरखरीत होता, पोस्टमनांच्या हाताला कुसळं लागली."

लेकीनं मान हलवली आणि लाकडाचं दुसरं टोक घट्ट धरलं.